साथ आली तर हरणांचे काय करायचे?

बीड जिल्ह्यात दाट जंगल जवळपास नाही, पण हरणे आहेत. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई या तालुक्यांतली माळराने, बालाघाटच्या उतारावरची गायराने आणि त्यांना लागून असलेली बाजरी-तुरीची शेते यांच्या आधाराने काळविटांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहेत. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य सोडले, तर या कळपांना हक्काची अशी राखीव जागा नाही. सकाळी ज्या पडीक रानात शेळ्या-मेंढ्या चरतात, तिथेच संध्याकाळी काळवीट उतरतात. ज्या पाझर तलावावर बैल पाणी पितात, त्याच्याच पलीकडच्या काठाला हरणांचे खूर उमटलेले असतात. उन्हाळ्यात पाणी आटले की ही जवळीक आणखी वाढते. गुरांच्या आणि हरणांच्या मध्ये कुंपण नाही, म्हणून त्यांच्या रोगांच्या मध्येही नाही. त्यामुळे एक प्रश्न या जिल्ह्याला टाळता येणार नाही. उद्या जनावरांच्या एखाद्या रोगाची साथ हरणांत शिरली, तर शिकारीबाबत आपण काय ठरवणार? संख्या कमी करण्यासाठी हरणे मारायची, की कोणालाच हात लावू द्यायचा नाही?

ही भीती पोकळ नाही. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रातल्या गोठ्यांची काय दशा केली, हे बीडच्या पशुपालकाला वेगळे सांगायला नको. त्या सप्टेंबरात संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, जनावरांचे बाजार बंद पडले, वाहतूक थांबली आणि गावोगाव लसीकरण झाले. त्याच साथीच्या काळात राजस्थानात बिकानेरच्या मोकळ्या रानातल्या चिंकाऱ्यांमध्येही हा विषाणू सापडला आणि २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. चिंकारा मराठवाड्याच्या माळालाही परका नाही. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगावजवळ भूतरामनहट्टी इथल्या कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत सुमारे तीस काळवीट दगावले. कारण निघाले घटसर्प. पावसाळ्याच्या तोंडावर ज्या रोगाची लस आपण बैलाला आणि म्हशीला टोचून घेतो, तोच हा रोग. बंदिस्त आवारात जे घडले ते मोकळ्या माळावर तसेच घडेल असे नाही, कारण तिथे कळप विखुरलेले असतात. पण काळविटाचे शरीर या जंतूपुढे किती लवकर हार मानते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

अशा वेळी जगात पहिला विचार येतो तो बंदुकीचा. अमेरिकेतल्या हरणांत एक असाध्य रोग आहे. त्यात मेंदूला स्पंजासारखी भोके पडतात, जनावर खंगत जाते आणि मरते. १९६७ मध्ये कोलोराडोतल्या बंदिस्त हरणांत तो प्रथम दिसला. २००२ मध्ये तो विस्कॉन्सिन राज्यात आढळल्यावर तिथल्या सरकारने बाधित भागातली हरणे मोठ्या प्रमाणावर मारून रोग निपटून काढायचे ठरवले. शिकारीचा हंगाम वाढवला, परवाने सैल केले. पण खायची नाहीत ती हरणे मारायची कशाला, असे शिकारी विचारू लागले, जमीनमालक विरोधात गेले, आणि काही वर्षांत निर्मूलनाचे ध्येय बाजूला ठेवावे लागले. रोग पसरतच गेला. नॉर्वेने २०१६ मध्ये हाच रोग रेनडिअरमध्ये सापडताच नॉर्डफ्येला भागातला सुमारे दोन हजारांचा अख्खा कळप २०१८ पर्यंत संपवला. तो भाग डोंगर आणि रस्ते यांनी वेगळा पडलेला होता, निष्णात सरकारी नेमबाज हाताशी होते आणि मारलेल्या जनावरांची तपासणी होत होती. तरीही २०२० मध्ये शेजारच्या हार्डांगरविडा पठारावर रोगी रेनडिअर सापडलाच. म्हणजे साधने, पैसा आणि शिस्त हे सगळे असूनही गोळीने रोग थांबतोच असे नाही.

बीडच्या बाबतीत तर मुळातच गणित निराळे आहे. अमेरिका आणि नॉर्वे ज्या रोगाशी झुंजतात, तो हरणांच्या कुळातला आहे आणि त्याला लस नाही. भारतात त्याची नोंदही नाही. आपल्याकडच्या हरणांना ज्यांचा धोका आहे ते लम्पी, घटसर्प, लाळ्या खुरकूत, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हे रोग मुख्यतः गोठ्यातले आणि वाड्यातले आहेत, आणि त्यांना आवर घालणारी लस आपल्याकडे आहे. रोगाचे मूळ गुरांत असेल तर हरणे मारून ते मूळ उपटले जात नाही. या बाबतीत इतिहासाने दिलेला सर्वांत मोठा धडा बुळकांडीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रोगाने आफ्रिकेतली गुरे आणि त्यांच्याबरोबर रानम्हशी, हरणकुळातले प्राणी असे अफाट पशुधन नाहीसे केले. पुढे सेरेंगेटीच्या आसपास गुरांचे लसीकरण नेटाने झाले. जंगली प्राण्यांना कोणी लस टोचली नव्हती, तरी त्यांच्यातला रोग ओसरला, आणि विल्डबीस्ट नावाच्या प्राण्याची संख्या काही लाखांवरून दहा लाखांच्या पुढे गेली. त्यातून सिद्ध झाले की रोगाचा साठा गुरांत होता, रानातल्या प्राण्यांत नव्हता. २०११ मध्ये बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले, आणि ते साधले गुरांच्या लसीने. माझे म्हणणे याच धड्यावर उभे आहे. बीडमध्ये साथ आली तर हरणांची शिकार पूर्ण थांबली पाहिजे, चोरटी तर सर्वांत आधी. आणि आपली सारी शक्ती गुरांच्या लसीवर आणि मेलेल्या हरणाची खबर वेळेत मिळण्यावर लागली पाहिजे.

चोरटी शिकार आधी का, हे समजण्यासाठी ती कशी होते ते पाहावे लागेल. माळावर झुडपांच्या आडोशाने लांबच लांब जाळे उभे लावतात, त्याला वाघूर म्हणतात. मग माणसे दुसऱ्या बाजूने आरडाओरडा करत कळपाला त्या दिशेने पिटाळतात. घाबरलेली हरणे वाघुरीत अडकतात, आणि जी सुटतात ती जीव घेऊन कोसभर लांब पळतात. रोगाच्या दृष्टीने यातला प्रत्येक टप्पा घातक आहे. पिटाळलेला कळप फुटतो आणि बाधित जनावर नव्या रानात, नव्या पाणवठ्यावर जाते. धावपळीने काळविटाच्या शरीराचे तापमान भयंकर वाढते, स्नायू आतून झिजतात, आणि सुटलेले जनावरही काही तासांत किंवा दिवसांत मरू शकते. असे थकलेले शरीर जंतूला सहज बळी पडते. आणि जाळ्यात सापडते ते बहुधा मंद झालेले, आजारी जनावर. त्याला सोलायचे, कापायचे, मांस वाटायचे म्हणजे रोग हाताने घरात आणायचा. फाशी रोगाने, म्हणजे काळपुळीने मेलेल्या जनावराचे रक्त नीट गोठत नाही, ते नाका-तोंडातून वाहते, आणि त्यातले जंतू हवेशी संबंध येताच टणक बीजाणू बनून मातीत वर्षानुवर्षे टिकतात. मांस वाळवल्याने ते मरत नाहीत. सोलणाऱ्याच्या हाताला साधी खरचट असली, तरी तेवढी वाट त्यांना पुरते.

ही शिकार बीडमध्ये होत नाही असे म्हणायची सोय राहिलेली नाही. मार्च २०२५ मध्ये शिरूर कासार तालुक्यातल्या बावी परिसरात हरणांच्या शिकारीला विरोध केल्यामुळे शेतकरी बापलेकांना मारहाण झाल्याचा आरोप राज्यभर गाजला, आणि वनविभागाच्या झडतीत शिकारीची जाळी आणि वाळवलेले मांस मिळाल्याच्या बातम्या आल्या. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवेल. इथे महत्त्वाचे आहे ते दुसरेच. ज्या रानात हरणांची जाळी लावून शिकार होते असा संशय आहे आणि हटकणाऱ्याला मार बसू शकतो, त्या रानात मेलेल्या हरणाची खबर कोण देईल? वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. हा कायदा आवश्यकच आहे. पण त्याच्या धाकाचा एक दुष्परिणामही होतो. बांधावर मेलेले हरीण दिसले तर शेतकरी आधी इकडेतिकडे पाहतो, आपल्यावर बालंट नको म्हणून तोंड फिरवतो, किंवा रातोरात खड्डा करून विषय संपवतो. रोग असेल तर तो त्या खड्ड्याबरोबर झाकला जातो, आणि पुढचे जनावर मरेपर्यंत कोणाला कळत नाही.

ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे, तिथे शिकारी हेच रोगाचे पहिले खबरे असतात. ते मारलेल्या हरणाचे डोके तपासणी केंद्रावर आणून देतात आणि त्यावरून रोग कुठवर पोचला याचा नकाशा तयार होतो. आपल्याकडे ती यंत्रणा नाही, आणि ती उभी करण्यासाठी शिकार खुली करण्याची गरजही नाही. आपल्याकडे मेंढपाळ आहेत. दिवसभर माळावर असणाऱ्या माणसाला कळपातले एखादे हरीण लंगडते आहे, तोंडातून लाळ गाळते आहे, उन्हात एकटेच उभे आहे, हे कोणत्याही अधिकाऱ्याच्या आधी दिसते. अशी खबर उपयोगी पडते याचा दाखला बीडमध्येच आहे. जानेवारी २०२१ मध्ये जिल्ह्यात कावळे मरून पडले, नमुने प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निष्पन्न झाला. मेलेल्या कावळ्याची खबर द्यायला कोणी घाबरले नाही, कारण कावळा मारल्याचा आळ कोणी घेत नाही. हरणाच्या बाबतीतही तितकाच निर्धास्तपणा देणे हे प्रशासनाचे काम आहे. अधिनियमानुसार मेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता असतो आणि तो ताब्यात आलेल्या माणसाने ४८ तासांत कळवायचे असते. साथीच्या काळात यापुढे एक पाऊल जाऊन, खबर देणाऱ्याची चौकशी संशयित म्हणून होणार नाही, असे वनविभागाने ग्रामसभेत उभे राहून सांगितले पाहिजे. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक प्रत्येक वाड्या-वस्तीवर ठळक लिहिलेला असला पाहिजे. पारधी समाजासारख्या ज्या समाजांवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने शिक्का मारला, त्यांच्यावर आजही पहिला संशय जातो. माळाचे आणि जनावरांच्या मागाचे त्यांच्याइतके ज्ञान फार थोड्यांकडे आहे. साथीच्या काळात देखरेखीच्या कामावर त्यांना रीतसर मजुरी देऊन घेतले, तर ज्ञान कामी येईल आणि संशयाची धारही बोथट होईल.

या विचारावर सर्वांत जोरदार आक्षेप शेतकऱ्याचा असेल, आणि तो ऐकून घेतलाच पाहिजे. दुबार पेरणीने मोडलेल्या माणसाच्या कोवळ्या तुरीत, हरभऱ्यात कळप उतरतो तेव्हा त्याला काळविटाचे सौंदर्य दिसत नाही, आणि दिसावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. संख्या वाढली आहे, वर रोगही आला, मग थोडी कमी केली तर बिघडले काय, असे तो विचारतो. उत्तर असे की पिकाचे नुकसान आणि रोगाची साथ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर दोन्ही चिघळतात. इंग्लंडमध्ये गुरांच्या क्षयासाठी बिज्जू हा प्राणी मारून पाहण्याचा मोठा शास्त्रीय प्रयोग १९९८ ते २००५ या काळात झाला. जिथे रोग दिसल्यावर तेवढ्यापुरते बिज्जू मारले, तिथे गुरांतला क्षय कमी होण्याऐवजी वाढला. जिथे मोठ्या क्षेत्रात सातत्याने मारले, तिथे आतल्या भागात तो घटला पण कडेच्या भागात वाढला. कारण उरलेले प्राणी बिथरून लांबवर फिरू लागले. मोकळ्या माळावर वेगाने धावणाऱ्या काळविटांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा. मारलेल्या हरणांमुळे शेत वाचेल, पण शेतकऱ्याचा बैल आजारी पडेल, हा सौदा त्याच्याही फायद्याचा नाही. पीकनुकसानीची भरपाई राज्यात मान्य आहे आणि तिच्या यादीत हरीण आहे. ती वेळेत आणि नुकसानीच्या मानाने मिळत नसेल, तर लढा त्यासाठी हवा. पंचनाम्याला आठवडे लावणाऱ्या व्यवस्थेचा राग हरणावर काढून शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही.

दुसरा आक्षेप दयेचा आहे. असाध्य रोगाने तडफडणारे जनावर तसेच सोडायचे का? नाही. त्यासाठी कायद्याच्या अकराव्या कलमात तरतूद आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी बरा होण्यापलीकडे जखमी किंवा रोगी असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नोंदवून त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. पिकाचे नुकसान हे कारण या अनुसूचीसाठी चालत नाही, हेही त्याच कलमात स्पष्ट आहे. म्हणजे कायद्याने दया आणि सूड यांच्यातली रेघ आधीच आखली आहे. अडचण वेळेची आहे. परवानगीचा कागद फिरून येईपर्यंत जनावर मरते, किंवा गावकरी स्वतःच निकाल लावतात. साथ जाहीर होताच हा निर्णय पशुवैद्यकाच्या सल्ल्याने काही तासांत व्हावा, अशी व्यवस्था आधीच ठरवून ठेवली पाहिजे. तिसरा आक्षेप असा की शिकारी प्राणी उरले नाहीत, म्हणून हरणे दाटीने वाढतात आणि दाटीत रोग फोफावतो. यात तथ्य आहे. पण बीडच्या माळावर लांडगा अजून आहे. तो कळपातले दुबळे, आजारी जनावर हेरतो आणि कोणाला न बिथरवता ते काम करतो, जे बंदूकवाल्याला जमत नाही. मेंढपाळाला लांडग्याने मारलेल्या मेंढीची भरपाई चटकन मिळाली, तर विष घालण्याची वेळ येत नाही आणि हरणांचे आरोग्यही राखले जाते.

मग प्रत्यक्ष करायचे काय? पहिले काम गुरांच्या लसीचे. हरणांना पकडून टोचणे शक्य नाही, पकडण्यातच ती मरतील. त्यामुळे त्यांच्याभोवती लस घेतलेल्या गुरांचे कडे उभे करणे हाच मार्ग उरतो. वन्यजीव कायद्याच्या ३३-अ कलमात अभयारण्यातल्या आणि त्याच्या पाच किलोमीटर परिघातल्या गुरांच्या लसीकरणाची जबाबदारी मुख्य वन्यजीव रक्षकावर टाकली आहे. नायगावपुरते हे ठीक, पण बीडची बहुतेक हरणे अभयारण्याबाहेर आहेत. म्हणून वनविभाग आणि पशुसंवर्धन विभाग यांनी मिळून हरणांचा वावर असलेल्या गावांची यादी करावी आणि घटसर्प, लाळ्या खुरकूत, पीपीआर, लम्पी यांच्या लसी त्या गावांत आधी पोचवाव्यात. त्यात एक गोष्ट खास बीडची आहे. दिवाळीच्या सुमाराला इथले हजारो ऊसतोड मजूर बैलजोड्या घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपला की परततात. तिथे कारखान्याच्या तळावर वेगवेगळ्या जिल्ह्यांतली जनावरे एकत्र बांधलेली असतात. निघण्यापूर्वी लस आणि परतल्यावर काही दिवस वेगळी दावण, एवढे पाळले तरी रोगाच्या येण्याजाण्याची एक मोठी वाट बंद होईल. दुष्काळात चारा छावण्या उघडतात, तिथेही तोच नियम हवा.

दुसरे काम पाण्याचे. उन्हाळ्यात वन्यप्राण्यांसाठी पाणवठे भरणारे तरुण गावोगाव आहेत आणि त्यांचे काम मोलाचे आहे. साथीच्या काळात मात्र एका मोठ्या पाणवठ्यावर सगळे कळप जमवण्यापेक्षा अनेक लहान पाणवठे अंतराअंतरावर ठेवणे, त्यांतले पाणी वरचेवर उपसून घासून भरणे आणि गुरांना तिथे न सोडणे हे शहाणपणाचे. तिसरे काम मेलेल्या जनावराचे. त्याला सोलायचे नाही, ओढत न्यायचे नाही, कुत्र्यांना लागू द्यायचे नाही. नाका-तोंडातून काळसर रक्त आले असेल तर पशुवैद्यकानेही ते उघडायचे नसते. कानाच्या शिरेतले थोडे रक्त काचपट्टीवर घेऊन ते तपासणीला जाते. पुण्यात औंधला राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि गंभीर संशय असेल तर भोपाळची उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. नमुना गेल्यावर खोल खड्डा, भरपूर चुना आणि वर काट्यांचे ओझे. हे सर्व गावच्या सरपंचाला, पोलीस पाटलाला आणि तलाठ्याला साथीच्या आधीच माहीत असले पाहिजे.

कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातल्या सायगा हरणांची कथा इथे धीर देते. २०१५ च्या मे महिन्यात तिथे घटसर्पाच्याच कुळातल्या जंतूने अवघ्या तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सायगा मेले. तिथल्या सरकारने शिकारबंदी ढिली केली नाही, चोरट्या शिकारीवरचा पहारा कायम ठेवला, आणि २०२२ च्या मोजणीत संख्या १३ लाखांवर गेली. २०२३ मध्ये या प्राण्याला अतिसंकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर काढण्यात आले. पुढे कळप वाढल्यावर शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या आणि सरकारने काही प्रमाणात नियंत्रित शिकारही सुरू केली. आधी रोगातून सावरणे, मग संख्येचा विचार, आणि तोही उघडपणे, हिशेब ठेवून. हाच क्रम शहाणपणाचा आहे. बीडमध्ये संख्येची चर्चा करायची असेल तर जरूर करावी, पण साथीच्या घबराटीत नव्हे आणि वाघुरीच्या आडून नव्हे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली वनविभाग, पशुसंवर्धन आणि आरोग्य विभाग यांनी एकत्र बसून असा आराखडा आजच लिहून ठेवावा, ही माझी मागणी आहे. त्यात हरणांच्या गावांची यादी, लसीचे वेळापत्रक, खबर देणाऱ्याला संरक्षण आणि परवानगीची तातडीची वाट या चार गोष्टी असल्या तरी पुरे. बीडची हरणे आणि बीडची गुरे एकाच माळावर जगतात, म्हणून ती एकत्रच वाचतील. हरणाला वाचवणारी लस बैलाच्या मानेत टोचली जाते, आणि ती वेळेत टोचली जावी यासाठी पैसा, माणसे आणि कायदा हे तिन्ही आपल्याकडे आहेत. त्यांना एका कागदावर आणणे एवढेच बाकी आहे, आणि ते साथ येण्याआधी झाले पाहिजे.